दोन सीटच्या गाडीत सब्बल

आमच्या गावात स्पोर्ट्स कार आली ती ट्रकवर बसून. नागपूरच्या एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून असलेली ही परदेशी गाडी माझ्या नवऱ्याने निवृत्तीनंतर विकत घेतली. लाल रंग, कापडी टप, दोनच सीट, आणि उंची एवढी की बाजूला उभं राहिलं तर टप माझ्या कमरेला लागायचा. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, ट्रकवरून उतरवलेल्या गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाकीची गाडी मागून येऊन राहिली का?"

नवऱ्याला राग आला. त्याचा सगळा जन्म पाटबंधारे खात्यात कालव्यांची मापं घेण्यात गेला होता, आणि माप घेणाऱ्या माणसाला कुणी कमी मापाचं काही घेतलंस म्हटलं की ते झोंबतंच. लाखनीच्या हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला हाताशी धरून त्याने ती गाडी चालती केली. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते. नोकरीभर मी माझी छोटी गाडी घेऊन हायवेवरच्या ट्रकांमधून रोज शाळेत गेले आणि धडधाकट परत आले. पण दोघं बरोबर असलो की स्टीअरिंग त्याच्याच हातात, हे आमच्या घरात कधी कुणी ठरवलं नव्हतं आणि कधी कुणी मोडलंही नव्हतं. लाल गाडीला माझा हात लागायचा तो फक्त फडक्यासकट.

एक दिवस गाडी पुसता पुसता तो म्हणाला, "आपण दोघं समुद्रापर्यंत जाऊ हिच्यात. टप उघडा टाकून."

मी फडकं खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं मिळून जिथे कुठे गेलो ते कुणाच्या तरी लग्नाला, कुणाच्या तरी तेरवीला, नाहीतर दवाखान्यात. आणि प्रत्येक वेळी माझ्या मांडीवर काहीतरी असायचं. आहेराचं पातेलं, तांदळाची पिशवी, नणंदेचं ओकारी येणारं पोर, एकदा तर वरातीत वाजवायचा बाजा. काहीही काम नसताना, मांडी रिकामी ठेवून, नुसतं जायचं म्हणून जाणं मला ठाऊकच नव्हतं. मला ते हवं होतं. एवढं हवं होतं की मी लाखनीच्या बाजारातून काळा गॉगल आणला आणि कपाटात साड्यांच्या खाली लपवून ठेवला, कारण या वयात गॉगल आणला म्हणून मलाच माझं हसू येत होतं.

मग सामान भरायला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी माणूस शहाण्यासारखा वागला, हे कबूल करायलाच हवं. मोबाईलवर तो गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचा. त्यात एखादा गुळगुळीत दाढीचा गृहस्थ चामड्याची गुंडाळी उलगडतो आणि आत पाने दागिन्यांसारखे ओळीने झोपलेले असतात. आमच्याकडे चामडं नव्हतं, म्हणून माझी लिंबू रंगाची साडी फाडली गेली. तिच्या पट्ट्यांत रिंग पाने, पेचकस, पकड असं एकेक गुंडाळून झालं. शिवाय फॅन बेल्ट, क्लचची केबल, प्लग, फ्यूज आणि रेडिएटरचा एक रबरी पाइप. सगळं मिळून एका पिशवीत मावलं आणि डिकीत स्टेपनीच्या कडेला बसलं. त्याच्या शेजारी माझी पिशवी बसली. मी मनातल्या मनात समुद्रापर्यंत जाऊन आले.

चूक एवढीच झाली की हे सगळं त्याने आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, उघड्यावर मांडलं. धान कापून, मळून झालं होतं. गावातल्या पुरुषांचे हात रिकामे होते. अशा दिवसांत कुणाच्या सपरीत पाना वाजला की चार घरं पलीकडचा माणूस हातातला चहा टाकून येतो.

सर्वांत आधी शेजारचा ट्रॅक्टरवाला आला. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा दुःखी झाला.

"भाऊ, दोर काहून नाही घेतला?"

"दोर कायले?" नवरा म्हणाला.

"फसली त?"

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे गाडी बाहेर पडते ती चिखलात जायला. धानाच्या रोवणीच्या आधी ट्रॅक्टर पाणी भरलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उतरतो तेव्हा चाकं अर्ध्यापर्यंत आत जातात आणि एकदा रुतला की संध्याकाळपर्यंत कुणी विचारायला येत नाही. म्हणून दोर, साखळी, फावडं, लाकडी फळी आणि सब्बल, म्हणजे पहार, घेतल्याशिवाय शहाणा माणूस घर सोडत नाही. समुद्रापर्यंत डांबरी रस्ता आहे, मधे कुठेही बांधी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि सामान भरताना ते आठवणं वेगळं. संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरवाल्याचा दोर, साखळी, फावडं आणि माझ्या खांद्याएवढी लोखंडी सब्बल सपरीत येऊन पडली.

नको म्हणायची सोय नव्हती. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातात कुणी काही ठेवलं तर ते परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. परत केलं की देणाऱ्याचं तोंड उतरतं आणि पुढच्या रोवणीपर्यंत तो तुमच्या बांधावरून वळून जातो. नवरा तर या बाबतीत एवढा भिडस्त की त्याला कुणी नांगर दिला असता तरी त्याने तो टपाला बांधला असता.

दुसऱ्या दिवशी लाखनीहून मिस्त्री आला. त्याने घन आणला, ग्रीसचा डबा आणला आणि कुठल्याशा भलत्याच गाडीचा जुना रेडिएटर आणला. तो या गाडीला बसतो का, असं मी विचारलं.

"बसत नाही मॅडम, बसवा लागते," मिस्त्री म्हणाला, आणि नवऱ्याने अशी मान हलवली की जणू मी वर्गात मधेच बोलले.

त्यानंतर जॅक आला. तोही ट्रॅक्टरवालाच घेऊन आला, ट्रॅक्टरचाच. मी तो उचलून गाडीच्या शेजारी ठेवला. गाडीचं पोट कुठे, जॅकचं डोकं कुठे. पहिलीतल्या मुलालाही कळलं असतं की हा जॅक त्या गाडीखाली या जन्मात जाणार नाही. मी तसं म्हटलं.

"पह्यले गाडी जराशी उचला लागन," मिस्त्रीने समजावलं. "मंग जॅक बरोब्बर खाली जाते."

"आणि गाडी कशानं उचलायची?"

तिघांनीही एकदमच सब्बलीकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की बघा, उगाच घेतली नाही.

भासऱ्यांना अवजारांतलं काही कळत नाही, पण लहान भाऊ एवढ्या लांब निघालेला असताना गप्प बसणं त्यांना बरं दिसेना. त्यांनी घरच्या चिन्नोर तांदळाची पिशवी आणली. पिशवी कसली, ते पोतंच होतं.

"गाडी बिघडते तसा माणूसबी बिघडते," ते म्हणाले. "तिकडचा भात तुले पचणार नाही. स्वतःचा तांदूळ पाह्यजेच."

मिस्त्रीने माझ्या स्वयंपाकघरातला हळदीचा डबाही मागून घेतला. रेडिएटर गळायला लागला तर हळद टाकायची म्हणे. ट्रकवाले करतात. म्हणजे रेडिएटर गळला तर हळद, हळदीने भागलं नाही तर दुसरा रेडिएटर, तो बसला नाही तर घन, आणि हे सगळं करता करता भूक लागली तर चिन्नोर. मला यांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटलं असतं, पण तेवढ्यात माझी पिशवी डिकीतून बाहेर आली.

"हे तू पायाशी ठेवजो," नवरा म्हणाला.

पायाशी पुढच्या दिवशी साखळी आणि घन गेले. पिशवी मांडीवर आली. मग मांडीवर तांदूळ येणार असं ठरलं आणि पिशवीतले कपडे काढून सीटमागच्या फटीत कोंबा, असा सल्ला मिळाला. मी कोंबले. मांडीवर पोतं घेऊन का होईना, जायला तर मिळतंय, अशी मी माझी समजूत घातली. सब्बल मात्र कशातच मावेना, तेव्हा ती तिरपी ठेवायचं ठरलं. एक टोक डिकीच्या बाजूला, दुसरं दोन सीटच्या मधून पुढे, अगदी माझ्या कोपराशी.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तालीम झाली. सगळं सामान भरून आम्ही दोघं आत बसलो. गाडी अंगणातून फाटकाकडे निघाली. फाटकाबाहेर नाली आहे आणि नालीवर सिमेंटचा उंचवटा. पुढची चाकं चढून गेली आणि मागून असा आवाज आला की भासऱ्यांनी कानांवर हात ठेवले. गाडीचं बूड उंचवट्याला टेकलं होतं. समुद्र तिकडे राहिला, आम्हाला आमच्या फाटकाबाहेरसुद्धा पडता येत नव्हतं.

गाडी ढकलून मागे घेतली आणि सपरीत बैठक बसली. वजन जास्त झालं, यावर सगळ्यांचं एकमत. कमी काय करायचं, यावर मात्र कुणाचंच नाही. धान मोजायचा काटा आणला गेला. एकेक वस्तू त्यावर चढू लागली आणि प्रत्येक वस्तूचा मालक तिच्या बाजूने उभा राहू लागला. सब्बल काढायची तर जॅक कसा जाणार? जॅक काढायचा तर सब्बल कशाला? रेडिएटर काढायचा तर मिस्त्रीची मेहनत वाया. तांदूळ काढायचा तर भासऱ्यांचा मान. मी चहा घेऊन आले तेव्हा काटा रिकामा होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

"वहिनी किती असन?" ट्रॅक्टरवाल्याने नवऱ्याला विचारलं. मला नाही. पोत्याला तरी कुठे विचारतो आपण?

मला वाटलं नवरा आता चिडेल. तो चिडला नाही. तो हिशेब करत होता. कालव्याचं पाणी कुठून किती सोडायचं हे ठरवताना त्याचे डोळे जसे बारीक व्हायचे, तसेच बारीक झाले.

"तू असं कर," तो मऊ आवाजात म्हणाला, "नागपूरवरून रेल्वेनं ये. मी पोचलो का तुले टेशनवर घ्यायले येतो ना."

"मी कशाला? सब्बल पाठवा रेल्वेनं."

"सब्बलीले उतरवून कोण घेईन?" भासरे म्हणाले. ते थट्टा करत नव्हते. "तिले काय समजते कोणतं टेशन आलं ते."

मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. या माणसाने मला सोबत नेण्यासाठी गाडी घेतली असं म्हणणार नाही, एवढी मी भोळी नाही. पण आपण दोघं, असं तो म्हणाला होता. आणि त्या दोघांतलं एक माणूस कमी करायची वेळ आली तेव्हा त्याने ज्याच्यासाठी भांडायला मालक नव्हता ते कमी केलं. बाकी प्रत्येक वस्तूची बाजू घ्यायला सपरीत कुणीतरी होतं. माझी बाजू ज्याने घ्यायची तोच काट्यापाशी उभा होता.

रात्री जेवताना तो बराच वेळ तिकडच्या माशांबद्दल बोलला. मी पोळ्या वाढल्या.

सकाळी सगळे निरोप द्यायला जमले. गाडी फाटकाकडे तोंड करून उभी. इंजिन सुरू होतं, कारण मिस्त्रीच्या मते ही गाडी गरम झाल्याशिवाय हलवायची नाही. टप उघडा. आणि माझ्या सीटवर रेडिएटर उभा करून ठेवलेला, त्याला टेकून तांदळाचं पोतं, आणि दोघांना मिळून सीटबेल्ट लावलेला. तो बेल्ट नवऱ्याने स्वतः नीट ओढून, दोनदा हलवून बघितला. इतक्या वर्षांत मला कधी त्याने असा बेल्ट लावून दिला नव्हता.

माझ्या हातात ओवाळणीचं ताट आलं. घरधनी लांब निघाला की बाईने ओवाळायचं. मी बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ भासऱ्यांनी फोडला. नवऱ्याला टिळा लावला, दिवा फिरवला. त्याने समाधानाने डोळे मिटले. मी गाडीकडे पाहिलं. मला जायचं होतं, आणि त्या गाडीत बसायला एकच जागा रिकामी होती.

"धरा," मी म्हटलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. बायकोने दिलं की घ्यायचं, या सवयीने त्याने ते घेतलं. मी वळसा घालून गेले, दार उघडलं आणि स्टीअरिंगमागे बसले. ती सीट खाली एवढी होती की मी बसले कसली, पडलेच. पदर खोचला. ब्लाउजमध्ये खोचलेला गॉगल काढून लावला.

"अवं, काय करून राहिली तू?" नवरा ओरडला. पण ताटात दिवा पेटलेला होता, आणि पेटता दिवा घेऊन धावणार कसं?

क्लच घट्ट होता, पण इतकाही नाही. पुढची चाकं उंचवट्यावर चढली. मी गाडी हळूच पुढे सोडली. मागची चाकंही अलगद उतरली आणि कुठेही काहीही टेकलं नाही. दोघांच्या जागी एकच माणूस होतं, तेही नवऱ्यापेक्षा बरंच हलकं. काट्यावरचं गणित एवढं सोपं होतं, फक्त कुणी नवऱ्याचं वजन करून बघितलं नव्हतं.

हायवेपर्यंत सब्बल माझ्या कोपराला ढोसत राहिली. हायवेच्या तोंडाशी ओळखीच्या पंक्चरवाल्याचं दुकान आहे. माझ्या छोट्या गाडीची सगळी पंक्चरं त्यानेच काढलेली. मी तिथे थांबले आणि त्याच्या मदतीने एकेक वस्तू उतरवायला लागले.

"मॅडम, हे कोणत्या ट्रॅक्टरचं सामान होय?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडे असू द्या," मी म्हटलं. "लागेल त्याला द्या. तांदूळ घरी न्या, चिन्नोर आहे." परत करणं वाईट, पण पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं तर आमच्याकडे कुणी नाव ठेवत नाही. साडीत गुंडाळलेले पाने, बेल्ट आणि केबल मात्र मी ठेवून घेतलं. पहिल्या दिवसाचं ते सामान शहाणपणाचं होतं, आणि साडी माझी होती.

शेवटी रेडिएटर उतरत होता तेव्हा ट्रॅक्टरवाल्याची मोटरसायकल आली. मागे नवरा, आणि त्याच्या हातात अजून ताट. दिवा विझला होता, कुंकू त्याच्या शर्टावर सांडलं होतं. ताट कुणाच्या हातात द्यायचं हे त्याला सुचलं नसावं.

"वहिनी, माही सब्बल?" ट्रॅक्टरवाल्याने आल्या आल्या विचारलं.

"प्रवासाला दिलेली वस्तू परत घेता का तुम्ही, भाऊजी?"

त्याने सब्बलीकडे पुढे केलेला हात मागे घेतला. नवऱ्याने जमिनीवरचा ढीग पाहिला. जॅक, साखळी, घन, फावडं. मग त्याने रिकामी सीट पाहिली. बेल्ट सुटून खाली लोंबत होता.

"अन् रस्त्यात काही बिघडलं त?" तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं. त्याला खरंच भीती वाटत होती. हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. आयुष्यभर तो सरकारी जीपमधून फिरला. जीप बिघडली की दुसरी यायची.

"बिघडलं तर थांबू," मी म्हटलं. "आपली कुठे कोण वाट बघतंय?"

त्याने हायवेकडे पाहिलं. ट्रक जात होते. मग त्याने ताट पंक्चरवाल्याच्या बाकावर ठेवलं, गाडीला वळसा घातला आणि बाजूच्या दारापाशी येऊन थांबला. मी तोवर स्टीअरिंगमागे जाऊन बसले होते; त्याला दार उघडून दिलं नाही. आतून लॉकही केलं नव्हतं. तो स्वतःच बसला, आणि बेल्ट स्वतःच लावला.

निघालो. तो सुरुवातीला नुसता तापमानाच्या काट्याकडे बघत होता, मग मागून येणाऱ्या ट्रकांकडे, मग माझ्या हातांकडे. मी दोन ट्रकांमधून गाडी काढली तेव्हा त्याने डॅशबोर्ड धरला. वैनगंगेच्या पुलावर वारा जोराचा लागला. त्याने डॅशबोर्ड सोडला.

"तू गाडी चांगली चालवतं," तो म्हणाला.

माझी सगळी नोकरी याच रस्त्यावर झाली होती. हे त्याला त्या दिवशी दिसलं, कारण माझ्या बाजूच्या सीटवर तो त्या दिवशी पहिल्यांदा बसला होता.